चौरस मीटरला किती

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, टॉवेलच्या कारखान्यात
आमचं शिबिर लागलं होतं.
पॅकिंगच्या टेबलावर माझं रजिस्टर, भिंतीला उंचीची पट्टी,
खाली वजनकाटा, त्याच्या एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी,
कारण फरशी उतरती.
मार्च अजून संपायचा होता
आणि पत्रा अकरालाच तापलेला.

चप्पल काढा. टाच भिंतीला. समोर बघा.
दिवसभर तेवढीच माझी भाषा.
मग कॅल्क्युलेटर. वजन भागिले उंची,
आणि येईल त्याला पुन्हा उंचीनं भागायचं.
दोनदा का,
हे नर्सिंगच्या तीन वर्षांत
मी कुणाला विचारलं नव्हतं.

मल्लेशम गुर्रम, वय सत्तावन्न, जॉबर.
चौसष्ट किलो. एक मीटर साठ.
"पंचवीस," मी म्हटलं. "बरोब्बर पंचवीस."
"पंचवीस काय?"
"किलो. चौरस मीटरला."
तो काट्यावरून उतरेचना.
"मग हे आमचंच की ओ बाई! जीएसएम!
आम्ही ग्रॅमनं बोलतो, तुम्ही किलोनं."

आतून तो गोल कटर घेऊन आला,
एका टॉवेलवर ठेवला, दाबून फिरवला,
पुरीएवढा तुकडा निघाला.
छोट्या काट्यावर साडेचार ग्रॅम.
"म्हणजे साडेचारशेचा माल. कळलं?
कापडातनं नमुना कापता येतो.
माणसातनं कुठनं कापणार,
म्हणून तुम्ही अख्खा माणूसच भागायलाव."

त्यांच्या भिंतीवरच्या जुन्या तक्त्यात
पंचवीसपर्यंत हिरवा रंग होता.
माझ्या कागदावर तेविसालाच रेघ.
मी सांगितलं, आपल्या अंगात साखर लवकर शिरते,
आपल्याला पंचवीस म्हणजे जास्तच.
"हां, एक्स्पोर्टची पट्टी वेगळी, लोकलची वेगळी,"
तो म्हणाला, आणि पोट आत ओढून उभा राहिला,
जणू मी पुन्हा मोजणार होते.

रांग पुढं सरकली.
गठ्ठे उचलणारा इरफान पटवेगार, सत्तावीस.
लाल रकान्यात लिहिताना त्याच्या दंडाकडं बघितलं,
पाठ अशी की वर गाठोडं ठेवून झोपावं.
हिशेबनीस, बावीस, हिरवा,
पण टेप कमरेला लावली तर शहाण्णव.
"बघा," मल्लेशम मागून.
त्याचं जेवण राहिलं होतं, तो गेलाच नव्हता.
"नुसत्या जीएसएमवर मी माल कधी पास केला नाही.
सूत आहे का पॉलिस्टर, हात लावून बघावं लागतं.
ओला टॉवेलपण जडच भरतो."
मी रजिस्टरच्या समासात कमरेचे आकडे लिहायला लागले.
तिथं रकाना नव्हता.

मग कांडी भरणारी अनसूया कोंगारी.
दीड मीटर. छत्तीस किलो.
मी दोनदा भागलं. दोन्ही वेळा सोळा.
काट्याखालचा पुठ्ठा काढून पुन्हा उभं केलं. तेवढंच.
"ताणा चांगलाय हिचा," मल्लेशम हळू म्हणाला,
"बाणा कमी पडलाय."
"मी काय कापड आहे का?" ती फिरून म्हणाली.
"काल पाण्याची पाळी होती, रात्रभर जागी आहे.
सकाळी चहा झालाय. लिहा काय लिहायचं ते."
मी विचारलं, जेवायला काय असतं.
"भाकरी," ती म्हणाली, आणि थोड्या वेळानं,
"चटणी असती की."

तिला रक्त तपासायची चिठ्ठी दिली, इरफानला दिली नाही,
हिशेबनिसाला दिली, तो रुसला.
सोळावरचं माझं पेन तेवढं खोल रुतलं होतं की
मागच्या पानावरही सोळा उमटलं.

निघताना मल्लेशमनं तो टॉवेल माझ्या पिशवीत कोंबला.
"भोक पडलं, आता दुय्यम मालात जाईल.
घेऊन जा."
आणि मग, काट्याकडं न बघता,
"पंचवीसचं तेवीस करायला किती किलो?"
पाच, मी म्हटलं, पाचाला थोडं वर.
"रोज चालत यायचं म्हणजे."
तो कुठं राहतो ते मी विचारलं नाही.

घरी तोंड धुऊन त्याच टॉवेलनं पुसते.
चांगला आहे, पाणी पितो.
मधल्या भोकातून
कधी माझं नाक बाहेर येतं, कधी एक डोळा.
माझं स्वतःचं मी अजून भागलेलं नाही.